छेदात कोण कोण?

शुक्रवारी रात्री ऑफिस उरकून विरारला डहाणू लोकल पकडायची, बोईसरला उतरायचं, रिक्षात बसायचं, आणि एमआयडीसीचा तो ओळखीचा वास नाकात शिरला की समजायचं, पाम आलं. (बाहेरच्या माणसाला तो वास सहन होत नाही. आम्हाला त्याच्याशिवाय झोप लागत नाही :) ) गेल्या खेपेला आईने माळा साफ करायला लावला आणि एका पत्र्याच्या पेटीत माझे शाळेचे दोन ग्रुप फोटो सापडले. एक पाचवीचा, एक दहावीचा.

पाचवीच्या फोटोत तीन रांगा आहेत. दहावीच्या फोटोत दोन.

दहावीला आमच्या शाळेचा निकाल चांगला लागला होता. फळ्यावर रंगीत खडूंनी टक्केवारी लिहिली होती, पेढे वाटले होते. ती टक्केवारी दुसऱ्या फोटोतल्या दोन रांगांची होती. तिसऱ्या रांगेतली बरीचशी पोरं आजूबाजूच्या पाड्यांवरची. त्यातला एक माझ्या शेजारी बसायचा, त्याचं पाठांतर माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. सातवीत कधीतरी तो यायचा बंद झाला. मी तेव्हा कोणाला विचारलंही नाही. आता पोटापाण्यासाठी दिवसभर डेटाबेसमधल्या हरवलेल्या ओळी शोधतो, आणि ही एक अख्खी रांग कुठे गेली ते मला माहीत नाही!

संध्याकाळी फोटो घेऊन मामांकडे गेलो. मामा आयुष्यभर आश्रमशाळेत होते, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. फोटो बघून म्हणाले, "टक्केवारी विचारताना सगळे वरचा आकडा विचारतात रे. खालचा कोणी विचारत नाही."

खालचा म्हणजे छेद. चौथीतल्या अपूर्णांकातला. शंभरातले किती पास झाले हे सांगायचं तर आधी ते शंभर कोण हे ठरवायला लागतं. परीक्षेला बसलेले? त्या वर्षी दहावीच्या पटावर असलेले? का दहा वर्षांपूर्वी पहिलीत नाव घातलेले? प्रत्येक वेळी उत्तर वेगळं येतं आणि गंमत म्हणजे प्रत्येक उत्तर खरं असतं. मग दोन शनिवार-रविवार मी ह्याच्यामागे लागलो. गरीब, आदिवासी मुलांसाठी सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळांतून शेवटपर्यंत किती जण पोचतात, हे आजवर कोणी आणि कसं मोजलं?

तर मंडळी, सुरुवात गोऱ्या साहेबापासून. १९२९ साली हारटॉग समितीने हिंदुस्थानातल्या प्राथमिक शिक्षणावर अहवाल दिला. त्यात दोन शब्द आले, ते आजही डी.एड.च्या पोरांना पाठ करावे लागतात: गळती आणि स्थगन. मधेच शाळा सोडली तर गळती, त्याच वर्गात अडकून राहिला तर स्थगन. समितीचा हिशेब सोपा होता. १९२२-२३ साली पहिलीत शंभर मुलं असतील तर १९२५-२६ साली चौथीत फक्त १८ दिसतात. खळबळ उडाली. पण ही १८ मुलं त्याच शंभरातली आहेत का? नापास होऊन मागच्या तुकडीतून आलेली असू शकतात, दुसऱ्या गावाहून आलेली असू शकतात. साहेबाने डोकी मोजली होती, माणसं नव्हती. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्वातंत्र्यानंतर आपल्या पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटच्या द. रा. गाडगीळ आणि वि. म. दांडेकरांनी सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणाच्या दोन पाहण्यांचा अहवाल १९५५ साली छापला. शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी किती जण पुन्हा निरक्षर होतात, इथपर्यंत विचार करणारे लोक होते हे. अर्थतज्ज्ञांनी शाळेच्या पटाकडे इतक्या गंभीरपणे बघावं याचं मला फार अप्रूप वाटलं.

आमच्या भागात तेव्हा वेगळंच काही चाललं होतं. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरीला वारली जमले आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' बऱ्याच जणांनी वाचलं असेल. त्याच वर्षी तिथून फार लांब नसलेल्या बोर्डीला ताराबाई मोडक ग्रामबालशिक्षा केंद्र घेऊन आल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं की पोरं शाळेत येत नाहीत कारण ती गुरं राखायला जातात. मग काय, शाळाच कुरणात नेली! कुरणशाळा. गुरं चरतायत, पोरं शिकतायत. आमच्याकडे याची गोष्ट कौतुकाने सांगतात, पण मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. हजेरीवर एखाद्या मुलापुढे गैरहजेरीची खूण पडली की बाकी सगळे त्याची टक्केवारी काढतात. या दोघी तो पोरगा आत्ता कुठे आहे हे बघायला गेल्या.

पण कुरणशाळा सगळीकडे निघणं शक्य नव्हतं. सरकारने दुसरा मार्ग धरला तो आश्रमशाळांचा. मूळ कल्पना ठक्करबाप्पांची, १९२२ च्या सुमारास दाहोदकडच्या भिल्लांमध्ये काम करताना सुरू झालेली. १९५० च्या दशकापासून संस्थांना अनुदान मिळू लागलं आणि १९७२-७३ पासून महाराष्ट्र सरकारने स्वतःच्या आश्रमशाळा काढायला घेतल्या. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं, सगळं फुकट. पाचव्या पंचवार्षिक योजनेपासून आदिवासी उपयोजनेचा पैसा आला, राज्यघटनेच्या कलम २७५(१) खाली केंद्राचं अनुदान आलं, १९९०-९१ पासून केंद्राची आश्रमशाळांसाठी खास योजना आली. आज राज्यात सरकारी आणि अनुदानित मिळून हजाराहून जास्त आश्रमशाळा आहेत. आमच्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि जव्हार या दोन प्रकल्प कार्यालयांखाली चालतात. जव्हार-मोखाड्याच्या कित्येक घरांत पहिला दहावी पास माणूस आश्रमशाळेतूनच आला, हे आधी सांगून टाकतो. खाली जे लिहिणार आहे त्यावरून कोणाचा गैरसमज नको.

आता मोजणी कशी व्हायची?

अनुदानित शाळेला परिपोषण अनुदान मिळतं ते डोक्यामागे. म्हणजे पटावर नाव हवं. दहावीच्या निकालावरून मात्र शाळेची आणि मास्तरांची झाडाझडती होते. म्हणजे जो पास होणार नाही त्याचं नाव मार्चच्या आत पटावरून गेलेलं बरं. अनुदानाला नाव हवं, निकालाला नको! आता तुम्हीच सांगा, अशा सिस्टीममध्ये डेटा कसा येईल? कोणी बदमाश असायला लागत नाही, साधी माणसं असली तरी पुरतं.

पहिल्या टोकाला काय झालं ते आपण २०११ साली पाहिलं. ऑक्टोबरच्या ३ ते ५ तारखेला राज्यभर एकदम पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावून. कागदावरची लाखो मुलं वर्गात सापडली नाहीत.

दुसऱ्या टोकाची गोष्ट तुमच्यापैकी ज्यांनी महाराष्ट्र बोर्डातून दहावी केलीय त्यांना माहीत असणार. सतरा नंबरचा फॉर्म! मूळ हेतू चांगला. शाळा सुटलेल्याला बाहेरून परीक्षेला बसता यावं. पण नववीतल्या कच्च्या मुलाच्या बापाला बोलावून "याला सतरा नंबर भरायला लावा" असं सांगणाऱ्या शाळा सगळ्या गावांत असतात. बोर्ड नियमित विद्यार्थ्यांचा निकाल वेगळा लावतं आणि खासगीवाल्यांचा वेगळा. मुलगा एका तक्त्यातून उठून दुसऱ्यात गेला की शाळेच्या छेदातून गायब. शंभर टक्के निकालाच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो नसतो आणि नापासांच्या यादीतही तो नसतो.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात आठवीपर्यंत नापास करायचं नाही असं ठरलं (ते पुढे २०१९ च्या दुरुस्तीने सैल झालं). परिणाम? सगळा गाळ नववीत साचायला लागला. मामा म्हणतात, "आमच्याकडे दहावीचा निकाल नववीतच लागायचा."

आणि खुद्द दहावीचा आकडा तरी कुठे स्थिर आहे? राज्याचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के, २०१९ साली ७७.१०, २०२० साली ९५.३०. पोरं एका वर्षात बिघडली आणि पुढच्या वर्षी सुधारली असं काही झालं नाही. २०१९ ला शाळेच्या हातातले तोंडी परीक्षेचे वीस मार्क काढून घेतले होते, पुढच्या वर्षी परत दिले. २०२१ साली कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, तेव्हा निकाल लागला ९९.९५ टक्के. राज्याच्या इतिहासातला सर्वात उत्तम निकाल, परीक्षा न घेता!

बरं, दहावीचं सोडा, गळती तर मोजतात ना? मोजतात. आणि इथेच मला खरा धक्का बसला. केंद्राच्या शैक्षणिक आकडेवारीत अनेक वर्षं पहिली ते दहावीची गळती द्यायचे, हारटॉगच्याच पद्धतीची. दहा वर्षांपूर्वी पहिलीत किती, आज दहावीत किती. २०१०-११ साली अनुसूचित जमातींसाठी ती होती ७०.९ टक्के. २०१३-१४ साली ६२.४. नंतर पद्धत बदलली आणि वार्षिक सरासरी गळती छापायला लागले. २०१४-१५ साली माध्यमिक स्तरावर अनुसूचित जमातींची गळती: २४.६८ टक्के.

एका वर्षात ६२ वरून २५? भाषणात वापरायला झकास आकडा. पण पहिला आकडा दहा वर्षांत मिळून किती गेले ते सांगतो, दुसरा नववी-दहावीच्या टप्प्यावर एका वर्षात किती गेले ते. दरवर्षी चौथा हिस्सा गळत असेल तर नववीत आलेल्या शंभरातले दोन वर्षांनी ढोबळमानाने ५७ उरतात. आणि नववीपर्यंत न पोचलेले तर या हिशेबात आलेच नाहीत. जुनी पद्धत ढोबळ होती हे मान्य, नवी जास्त शास्त्रीय आहे हेही मान्य. पण वाचणाऱ्याला दोन्हीकडे एकच शब्द दिसतो, 'गळती'.

आणखी एक बारीक गोष्ट. १९९४-९५ पासून डाएस आणि २०१२-१३ पासून यूडाएस नावाची शाळांची मोजणी आहे. तिची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर. आता आमच्या जिल्ह्यातलं वर्ष बघा. पावसात भातशेती, ऑक्टोबरात कापणी, आणि दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची घरंच्या घरं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर. परत यायचं ते पावसाच्या तोंडावर. धाकटी पोरं बरोबर, मोठी विटा उचलायला नाहीतर धाकट्यांना सांभाळायला. म्हणजे देशाचा फोटो काढायचा दिवस बरोबर असा की तेव्हा सगळे घरी! आमच्या भाषेत सांगायचं तर स्नॅपशॉट घेतला पण लॉग ठेवलाच नाही. (वीटभट्टीवर झोपडीला भोंगा म्हणतात. विधायक संसदेने तिथेच शाळा काढल्या, भोंगाशाळा. कुरणशाळेचीच नात म्हणायची.)

हा रोग काही फक्त आपला नाही. अमेरिकेत १९६५ पासून गरीब मुलांच्या शाळांना संघराज्याचा पैसा मिळतो, टायटल वन म्हणतात. तिकडे शाळा बारावीला संपते, तेव्हा आपल्या दहावीसारखा मोठा प्रश्न म्हणजे बारावी पूर्ण किती जण करतात. इतका पैसा घालून चाळीस वर्षं त्यांच्याकडेही धड उत्तर नव्हतं. जेम्स हेकमन हे नोबेलवाले अर्थतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी लाफाँटेन यांनी दाखवून दिलं की त्याच देशाचा, त्याच काळातला हा दर पद्धतीप्रमाणे ६६ पासून ८८ टक्क्यांपर्यंत कितीही निघतो.

ह्यूस्टनची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तिथल्या शार्प्सटाउन हायस्कुलाने २००१-०२ साली गळती शून्य दाखवली. शून्य! त्या वर्षी साडेचारशेहून जास्त मुलं शाळा सोडून गेली होती. प्रत्येकापुढे एक कोड टाकलेला, गाव बदललं, दुसरीकडे गेला, वगैरे. गळती हा कोड कोणापुढेच नाही. ह्यूस्टनच्या शाळांचे आधीचे प्रमुख तोवर देशाचे शिक्षणमंत्री झाले होते, ह्यूस्टनच्याच यशाच्या जोरावर. २००३ साली हे बाहेर आलं.

मग २००५ साली राज्यांच्या गव्हर्नरांनी एक सूत्र मान्य केलं आणि २००८ च्या नियमाने ते सगळ्यांना बंधनकारक झालं. नववीत पहिल्यांदा आलेली मुलं घ्या. मधे बदलून आलेली त्यात मिळवा. बदलून गेलेली, देश सोडलेली, वारलेली वजा करा. हा छेद. त्यांतल्या किती जणांना चार वर्षांत नियमित डिप्लोमा मिळाला तो अंश. पण यातली खरी मेख वजाबाकीत आहे. मुलगा दुसऱ्या शाळेत गेला म्हणता? तिथला लेखी पुरावा दाखवा. पुरावा नसेल तर तो अजून तुमचाच, तुमच्याच छेदात.

मला हे वाचून उठून उभं राहावंसं वाटलं. हरवलेल्या मुलाची जबाबदारी पुरावा येईपर्यंत शाळेकडेच! या पद्धतीने २०१०-११ चे आकडे पहिल्यांदा आले: देशाचा दर ७९ टक्के, गरीब घरांतल्या मुलांचा ७०. २०१८-१९ पर्यंत ते ८६ आणि ८० झाले. लगेच टाळ्या वाजवू नका, कारण छेद पक्का केल्यावर अंश गळायला लागला. वॉशिंग्टन शहरात २०१७ साली डिप्लोमा मिळालेल्यांपैकी तब्बल ३४ टक्के मुलांना तो नियमाप्रमाणे मिळायलाच नको होता, असं २०१८ च्या तपासणीत निघालं. महिना-महिना गैरहजर असलेल्यांनाही ढकललं होतं. आपल्या ९९.९५ ची आठवण झाली असेल.

आपल्याकडेही डोक्यांऐवजी माणसं मोजायला सुरुवात झालीय. २०२२-२३ पासून यूडाएस प्लसमध्ये प्रत्येक मुलाची नावानिशी नोंद होते. त्याआधीच्या वर्षी देशात साडेसव्वीस कोटी मुलं शाळेत होती, नावं लिहायला लागल्यावर ती सव्वापंचवीस कोटींच्या आसपास भरली. दोन्ही आकड्यांची थेट तुलना करू नये असं मंत्रालयाने बजावलंय, आणि ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण एक कोटीहून जास्त... असो. शाळा सोडलेल्या आणि दुसरीकडे नाव न लागलेल्या मुलाला या सिस्टीममध्ये जिथे टाकतात त्या कप्प्याला म्हणतात 'ड्रॉपबॉक्स'. सॉफ्टवेअरवाल्यांना नावं ठेवता येत नाहीत हे पुन्हा एकदा सिद्ध.

हे सगळं मी मामांना पुढच्या खेपेला उत्साहाने सांगितलं. अमेरिकेचं सूत्र, लेखी पुरावा, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "जनरल रजिस्टर पाहिलंयस का कधी?"

जनरल रजिस्टर, शाळेच्या भाषेत जी.आर. (शासनाचा जीआर वेगळा, गोंधळ नको.) जाडजूड, लाल पाठीची वही. प्रत्येक मुलाला एक क्रमांक, एक ओळ, आणि ती ओळ कधी पुसायची नाही. नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, कोणत्या इयत्तेत. उजवीकडे: शाळा सोडल्याची तारीख, तेव्हाची इयत्ता, कारण. दाखला त्याच्यावरूनच लिहितात. म्हणजे अमेरिकेला २००८ साली जो नियम करावा लागला त्याचा कच्चा माल आपल्या प्रत्येक झेडपीच्या आणि आश्रमशाळेच्या कपाटात कित्येक दशकं पडून आहे. एका वर्षीच्या ओळी घ्या, पुढे सरकत जा, कोण दहावीला पोचला ते मोजा. फक्त कोणी मागितलं नाही. वरून यायचे ते तक्ते बेरजेचे असत, मुलगे इतके, मुली इतक्या, एकूण इतके.

"आणि कारणाच्या रकान्यात काय लिहायचात?" मी विचारलं.

"सतत गैरहजर," मामा म्हणाले. "किंवा पालकांच्या विनंतीवरून. दोनच कारणं. रकाना तेवढाच रुंद होता."

मग ते उठले आणि आतून एक दोनशे पानी वही घेऊन आले. नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्याकडे आलेल्या पहिलीच्या एका तुकडीची नावं त्यांनी स्वतःच्या हौसेने उतरवून ठेवली होती, आणि पुढे जसजसं कळत गेलं तसं पेन्सिलीने पुढे लिहीत गेले. लग्न. वीटभट्टी. लग्न. बोटीवर. नववी नापास, एमआयडीसीत हेल्पर. साप चावून वारली. दहावी पास, तलाठी. लग्न. बापाबरोबर भट्टीवर, परत आला, पुन्हा गेला. दहावीपर्यंत पोचलेले एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मी सवयीने मनात टक्केवारी काढायला लागलो आणि थांबलो.

तीन नावांपुढे नुसतं प्रश्नचिन्ह होतं. त्यातल्या एकावर बोट ठेवून मामा म्हणाले, "हुशार होता हा. दिवाळीच्या सुट्टीला गेला तो आलाच नाही. पाड्यावर दोनदा जाऊन आलो, घराला कुडाचं दार लावलेलं. तुमच्या त्या ऑनलाइनमध्ये सापडेल का रे?"

मी सांगितलं की नावानिशी नोंद २०२२-२३ पासूनची आहे, त्या वेळी शाळेत असलेल्यांची. हा आता चाळिशी ओलांडलेला असेल.

"हं," म्हणाले. चष्मा काढून पुसला, वही मिटली आणि मामीला चहा टाकायला सांगितला.